न विचारता आणलेल्या गाया

रोहिणीला थायरॉईड झालाय हे वस्तीवर कळलं, त्या दिवसापासून तिच्या रागाला कुणी राग म्हणेना. भाकरी थापता थापता तिनं परात जरा आपटली की सासू झुंबरबाई ओट्यावरून विचारायची, "गोळी खाल्ली का न्हाई हिनं?" नवऱ्याला, कल्याणला, तिनं एखादी गोष्ट दोनदा विचारली की तो मोबाईलमधून मान वर न करता म्हणायचा, "चढलाय तुझा. पड जरा." पडायला वेळ कुठून आणायचा ते मात्र दोघांपैकी कुणी सांगत नसे.

घोडेगावाबाहेर, शिंगणापूरच्या रस्त्याच्या अलीकडे त्यांची वस्ती होती. पत्र्याचं घर, समोर गोठा, गोठ्यात सहा संकरित गाया. सहाही गायांची धार दोन्ही वेळा रोहिणी काढायची. शेण, चाऱ्याची कुट्टी, पाणी, वासरं, सगळं तिच्याकडे. कल्याण दुधाचे कॅन मोटारसायकलला अडकवून डेअरीवर जायचा आणि तिथून गावात. गावात त्या गायांना 'कल्याणच्या गाया' म्हणत. गोठ्याकडे पाहून कुणी रोहिणीचं नाव घेतलंच तर ते शेण वेळेवर उचललं नाही म्हणून.

ती मूळची मिरजगावची. लग्न होऊन आली तेव्हा अंगानं भक्कम, आवाजानं खणखणीत. एका हातानं कॅन उचलायची आणि दुसऱ्या हातानं वासरू ओढायची. झुंबरबाई सुरुवातीला शेजारणींना कौतुकानं सांगायची, "सून न्हाई, ट्रॅक्टर आनलाय." हे कौतुक आहे असं रोहिणीलाही तेव्हा वाटलं होतं.

मग केव्हातरी तो ट्रॅक्टर बंद पडायला लागला. नेमकं केव्हा ते तिला सांगता आलं नसतं. आधी केस गेले. वेणी घालताना कंगव्यात पुंजकेच्या पुंजके यायचे. मग ऐन उन्हाळ्यात थंडी वाजायला लागली; सगळे घामानं निथळत असताना ही पदर लपेटून बसलेली. सकाळी तोंड सुजलेलं, आवाज घोगरा, पाय जड. पोट साफ होईना, पाळी थांबता थांबेना. जेवण कमी झालं तरी अंग वाढतच गेलं. आणि झोप अशी यायची की उभ्या उभ्या डोळे मिटावेत. दुपारी दोन भांडी घासून ती भिंतीला टेकली की झुंबरबाई भिंतीला ऐकवायची.

"आमच्या टायमाला दिवसा बाया आडव्या व्हत न्हवत्या. मेल्यावर व्हायच्या."

"जरा पाठ टेकली, आत्या."

"टेक, टेक. बसून खाऊन पाठीला चरबी चढली, तिला टेकायला जागा पायजेच."

कल्याण आईपेक्षा कमी बोलायचा, पण त्याचं एकेक वाक्य जास्त लागायचं. "सोंगं हायेत," तो म्हणायचा. एवढंच.

त्या दिवसांत रोहिणीच्या डोक्यात काहीतरी सारखं दाटून असायचं. रडू यायचं ते कशाचं ते कळायचं नाही. चीड यायची तीही अशीच, हवेतून आल्यासारखी. एकदा सायलीनं, तिच्या आठवीतल्या मुलीनं, शाळेला निघताना फक्त एवढंच म्हटलं की आई, वेणी वाकडी झाली. रोहिणीनं कंगवा तिच्या पाठीत मारला. दोनदा मारला. पोरगी रडली नाही. तिनं आईकडे नुसतं पाहिलं, दप्तर उचललं आणि वाकड्या वेणीनंच निघून गेली. रोहिणी त्या दिवशी गोठ्यात जाऊन शेणाच्या पाटीवर बसली आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

ते आजारपण उघडकीला आलं तेही तमाशा होऊनच. पहाटेची धार काढताना रोहिणीचं डोकं गाईच्या पोटाला टेकलं आणि ती तिथंच झोपली. गाईनं पाय झाडला, भरलेली किटली लवंडली. दूध गव्हाणीपर्यंत वाहत गेलं. झुंबरबाईनं असा काही आरडाओरडा केला की रस्त्यानं शनीच्या दर्शनाला निघालेली एक गाडी थांबली आणि आतल्या माणसानं काच खाली करून विचारलं, "काय झालं, कोणी गेलं का?"

"गेलं न्हाई," झुंबरबाई म्हणाली, "पर कुनी जाईल तवाच हिला जाग येईल."

त्या दिवशी दुपारी रोहिणी ब्लाऊज शिवायला टाकण्याचं निमित्त करून मुमताजभाभीकडे गेली. मुमताज ही गावातली शिवणकाम करणारी बाई. पेठेत तिचं एका खोलीचं दुकान. नवरा रशीद बाजाराच्या दिवशी बैलांचे गोंडे नि कासरे विकायचा. मुमताजनं माप घ्यायला टेप गळ्याशी धरला आणि तिचा हात थांबला.

"आवाज कधीपासून असा झाला?"

"कसा?"

"बेडकासारखा. आणि हा गळा बघ, इथं सुजलाय. केस जातात? थंडी वाजते?"

रोहिणी चिडली. "माप घ्या की भाभी. तुमी काय डॉक्टर हायेत का?"

"न्हाई. पण मी ह्यातनं गेले. तीन वर्षं मला घरात वेडी म्हणत हुते," मुमताज म्हणाली. "रक्त तपासून ये. माझ्यासंगं चल, नगरला. घरी सांग की लग्नाचं कापड आणायला चाललो."

नगरच्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवून बोलणाऱ्या. त्यांनी तपासण्या केल्या, रिपोर्ट पाहिला आणि समजावून सांगितलं. गळ्यात फुलपाखराएवढी एक ग्रंथी असते, तिच्यावर सगळ्या शरीराची गती चालते. आपल्या शरीरात रोगाशी लढायला जी फौज असते, तीच चुकून ह्या ग्रंथीला शत्रू समजते आणि हळूहळू तिला मारत राहते. बायकांमध्ये हे जास्त होतं. बरं होऊन संपत नाही, पण रोज गोळी घेतली तर माणूस नीट जगतं.

"आपल्याच घरचे मारतेत म्हना की," रोहिणी म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. रोहिणी हसली नाही.

घरी आल्यावर तिनं आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा तिला वाटलं होतं की आता तरी सोंग हा शब्द जाईल. सोंग गेलं. त्याच्या जागी थायरॉईड आला, आणि तो जास्त सोयीचा निघाला. सोंग म्हटलं की निदान भांडण व्हायचं. थायरॉईड म्हटलं की भांडणच संपायचं, कारण आजारी माणसाशी काय भांडायचं?

आणि गोळी काही लागू पडेना. महिने गेले, डोस वाढवला, तरी तेच जड पाय, तीच झोप. पुन्हा नगरला गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी कशी घेता?"

"सकाळी. च्याबरोबर."

"चहा दुधाचा?"

"आमच्यात दुसऱ्या कशाचा आसनार?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "दुधाबरोबर घेतली तर निम्मी गोळी अंगाला लागतच नाही. उठल्या उठल्या, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. त्यानंतर तासभर चहा नाही, काही नाही." मग त्यांनी झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. रोहिणीनं खरं ते सांगितलं. रात्रीचं सगळं आवरून अंथरुणावर पडायला उशीर होतो, पडल्यावर मोबाईल बघत बसते कारण तेवढाच वेळ कुणी हाक मारत नाही, आणि पहाटे गाया उठवतात. जेवण सगळ्यांचं झाल्यावर, उरेल ते, कधी दुपार कलल्यावर. आणि डोक्यात सारखं दाटून येतं तेही.

"दिवसात स्वतःसाठी काही करता? थोडं चालणं, कुणाशी बोलणं?"

ह्या प्रश्नाचा रोहिणीला इतका संताप आला की तिचे कान तापले. "बाई, तुमच्याकडं गाया हायेत का?"

"नाहीत," बाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणून तर विचारते. गोळी गोळीचं काम करेल. झोपेचं आणि वेळेवर खाण्याचं काम गोळी करत नाही. मनावर जे मळभ येतं म्हणता ना, त्यातलं थोडं आजाराचं आहे, थोडं ह्या दिवसाचं आहे. आजाराचं मी बघते. दिवसाचं तुम्ही बघा."

रोहिणी परतीच्या एसटीत मुमताजला म्हणाली, "सांगायला काय जातंय त्यांचं." पण दुसऱ्या दिवशी तिनं गोळी पाण्याबरोबर घेतली आणि चहाचं आधण ठेवलं नाही.

त्यावरून घरात जे पेटलं ते पेटलंच. इतकी वर्षं पहाटे उठल्याबरोबर झुंबरबाईच्या हातात कप पडत होता. आता रोहिणी आधी गोठ्यात जायची आणि धार आटोपून चहा टाकायची. तोवर झुंबरबाई ओट्यावर बसून साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असं बोलायची.

"च्या मागायची बी चोरी झाली. गोळी हिची आन उपास माझा!"

"तुमचा तुमी टाका, आत्या. साखर डब्यात हाय."

"टाकते की. उद्या सरन बी माझं मीच रचते."

रोहिणीनं काही रचू दिलं नाही आणि चहाही आधी टाकला नाही. दुपारचं जेवण ती आता सगळ्यांच्या आधी, गरम असतानाच वाढून घ्यायची. झुंबरबाईला हे फार लागलं. बाई माणसानं पुरुषाआधी जेवावं हे तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि ते तिच्याच चुलीसमोर व्हावं! कल्याण एकदा ताटाकडे पाहत उभा राहिला आणि म्हणाला, "सरपंचीणबाई जेवत्यात." रोहिणीनं त्याच्या डोळ्यांत बघत दुसरी भाकरी मोडली.

सगळ्यात जास्त बोभाटा चालण्याचा झाला. संध्याकाळची धार आटोपली की ती चप्पल घालून शिंगणापूरच्या रस्त्यानं ओढ्यापर्यंत जायची आणि परत यायची. कधी मुमताज सोबत असायची, पुष्कळदा नसायची. हातात कॅन नाही, डोक्यावर भारा नाही, शेतात काम नाही, आणि बाई रस्त्यानं चालतेय, हे काही वस्तीला पचेना. भाऊसाहेब नावाचा जनावरांचा एक दलाल होता, कल्याणचा दोस्त. फाट्यावरच्या टपरीवर त्याची बैठक. त्यानं एकदा चार माणसांत हाक मारली.

"वहिनी, कुठं निघाल्या? गाय सुटली का?"

"व्हय," रोहिणी न थांबता म्हणाली, "दावं तोडून."

टपरीवर हशा झाला. कुणावर झाला ते भाऊसाहेबाला लगेच कळलं नाही. त्यानं संध्याकाळी कल्याणला सांगितलं, आणि कल्याणनं घरी येऊन चप्पल उकिरड्यावर फेकली. रोहिणी अनवाणी गेली. तिसऱ्या दिवशी सायलीनं शाळेतून येताना उकिरड्यावरची ती चप्पल उचलली, धुतली आणि दारात ठेवली.

पण अंग सुधारत होतं. सूज उतरली, आवाज मोकळा झाला. डोक्यातलं ते दाटलेलं विरळ व्हायला लागलं. पोरीची वेणी घालताना तिचा हात आता शांत असायचा. एकदा वेणी घालता घालता ती म्हणाली, "तवा मारलं मी तुला. तुझं काय चुकलं न्हवतं." सायली म्हणाली, "म्हाईत हाय मला," आणि डोकं तसंच पुढे धरून बसली.

रोहिणीनं त्या काळात घरात एकच मागणी केली होती. धार काढायचं मशीन आणा. शेजारच्या वस्तीवर दोन जणांकडे होतं. तिची बोटं सकाळी आखडलेली असायची, मूठ मिटायची नाही. कल्याण म्हणाला, बघू.

आणि मग बाजाराच्या दिवशी संध्याकाळी वस्तीवर टेम्पो आला. टेम्पोत चार गाया. मोठ्या, काळ्या-पांढऱ्या, दुधानं कास तटतटलेली. पुढच्या सीटवरून भाऊसाहेब उतरला, हातात पेढ्यांचा पुडा.

रोहिणी कुट्टी कापत होती. तिनं यंत्र बंद केलं.

"कुनाच्या?"

"आपल्या," कल्याण खुशीत होता. "घोडेगावच्या बाजारात आज ह्याच्यापरीस चांगला माल न्हवता. ओवाळ त्यास्नी."

"मी मशीन मागितलं हुतं."

"मशीन कशाला, तू हायेस की!" भाऊसाहेब म्हणाला आणि पुडा पुढे केला. "घ्या वहिनी, तोंड गोड करा."

रोहिणीनं पुडा घेतला आणि होता तसा गव्हाणीत टाकला. जवळच्या गाईनं कागदासकट तोंडात ओढला. "दहा गायांच्या धारा कोन काढनार?" तिनं विचारलं. "दोन टायमाला. मला एकदा तरी इचारलं का?"

"चढला," कल्याण भाऊसाहेबाकडे पाहून म्हणाला. दोघं हसले.

त्या दिवसानंतर महिना-दीड महिना रोहिणीनं दहा गाया ओढल्या. चालणं बंद पडलं. जेवण पुन्हा दुपार कलल्यावर गेलं. गोळी तेवढी तिनं सोडली नाही. आणि तोंडही अजिबात बंद ठेवलं नाही. ती उठता बसता बोलायची, कल्याण जेवायला बसला की बोलायची, पाहुणे आले तर त्यांच्यासमोर बोलायची. रडत नव्हती, भांडी आपटत नव्हती. नुसती एकच गोष्ट सरळ आवाजात पुन्हा पुन्हा विचारायची: मला विचारलं का? शेवटी झुंबरबाईनंच मुलाला सांगितलं, "घिऊन जा तिला डागदरकडं. डोस वाढवून आन. घरात बसनं मुश्कील झालंय."

कल्याण पहिल्यांदाच दवाखान्यात आला. डॉक्टरीणबाईंसमोर तोच बोलला. "मॅडम, हिचा थायरॉईड लई वाढलाय. दिवसभर भांडती. गोळी मोठी द्या."

बाईंनी रक्त तपासायला पाठवलं. दुपारनंतर रिपोर्ट आला. त्यांनी तो पाहिला, मागचा काढून पाहिला.

"गोळी वाढवायची गरज नाही. सगळं जागेवर आहे. गेल्या वेळीही होतं."

"आसं कसं? मग ही एवढी चिडती कशापायी?"

"ते मला कसं माहीत असणार?" बाई म्हणाल्या. "शेजारी बसल्यात. विचारा."

कल्याणनं विचारलं नाही. रोहिणी त्याची वाट पाहत बसली. तिला ते कंगव्याचे दिवस आठवले. तेव्हाचा राग कुठून यायचा ते तिला समजायचं नाही, आणि तो गेल्यावर अंगात फक्त लाज उरायची. आताच्या रागाची तिला जराही लाज वाटत नव्हती. तो कुठून आला, कोणत्या टेम्पोतून उतरला, सगळं तिला ठाऊक होतं.

"इचारा की," ती म्हणाली.

"चल, उशीर व्हतोय," कल्याण उठला.

दोघं मोटारसायकलवर नगरहून निघाले. फाट्यावर आल्यावर तो म्हणाला, "डॉक्टरीन तुझ्याच बाजूची हाय. बाया बायांच्याच."

दुसऱ्या दिवशी पहाटे रोहिणी उठली. गोळी घेतली. गोठ्यात जाऊन तिनं जुन्या सहा गायांच्या धारा काढल्या, त्यांना चारा टाकला, हात धुतले आणि किटली उपडी घातली. नव्या चार गायांकडे ती गेली नाही.

उजाडलं तशा त्या हंबरायला लागल्या. कास तटाटली, सडांतून दूध थेंब थेंब ठिबकायला लागलं. एक गाय दाव्याला हिसके देत सारखी मागे वळून घराकडे बघायची. रोहिणी चुलीसमोर बसली होती. त्या मुक्या जनावरांचा काय दोष, हे तिला कुणी सांगायला नको होतं. दोनदा तिचा हात किटलीकडे गेला. दोनदा तिनं तो मागे घेतला आणि भाकरीचं पीठ ओढलं.

कल्याण डोळे चोळत बाहेर आला. "ह्या का वरडत्यात?"

"धार काढायची राह्यलीय."

"मग काढ की!"

"ज्यानं आनल्या त्यानं काढावी."

त्याला आधी ते खरंच वाटलं नाही. मग त्यानं शिव्या दिल्या. मग हात उगारला. रोहिणी उभी राहिली, हातात काही नव्हतं, पीठ होतं फक्त. "मारा," ती म्हणाली. "मारून झालं की धार काढा. तोवर दगडी व्हईल त्यास्नी. चारी सड बसतील."

हात खाली आला तो दगडी ह्या शब्दामुळे. कास सुजून दगडासारखी झाली की गाय दुधातून जाते, हे कल्याणलाही माहीत होतं. तो किटली घेऊन गोठ्यात गेला. लहानपणी कधीतरी त्यानं धार काढली असेल. गाईला परका हात ओळखता आला. तिनं पहिल्यांदा शेपटी तोंडावर मारली आणि नंतर लाथ मांडीवर. कल्याण शेणात बसला. वस्तीवरची माणसं बांधावर येऊन उभी राहिली. कुणीतरी मोबाईल काढला.

तेव्हा झुंबरबाई ओट्यावरून उतरली. गुडघे गेलेली म्हातारी, काठी टेकत गोठ्यात आली. "सरक," ती मुलाला म्हणाली. गाईच्या पाठीवरून हात फिरवला, कासेला पाणी मारलं आणि कण्हत कण्हत खाली बसली. तिच्या बोटांना सगळं आठवत होतं. दुधाची धार किटलीत वाजायला लागली. एक गाय झाली, दुसरी झाली. सबंध वेळ ती शिव्या देत होती. रोहिणीला, तिच्या मिरजगावला, तिला जन्म देणाऱ्यांना, नगरच्या डॉक्टरणीला. तिसऱ्या गाईखाली ती बसली ती उठेचना. गुडघा धरला होता.

रोहिणी गेली, काखेत हात घालून तिला उभी केली. झुंबरबाईनं तिचा हात झटकला आणि मुलाकडे वळली.

"तुझ्या बापानं बी अशाच मला न इचारता म्हशी आनल्या हुत्या. ओली बाळंतीन मी. तू आठ दिवसाचा. धारा काढता काढता अंगावरचं दूध गेलं माझ्या, तवा बी त्यो म्हनला, बायकांची सोंगं." मग ती रोहिणीवर खेकसली, "आन तू माझ्याकडं आशी बघू नकू. तुझ्यासाठी न्हाई बोलले मी."

"म्हाईत हाय," रोहिणी म्हणाली.

अर्धवट राहिलेली तिसरी आणि चौथी, ह्या दोन गायांची धार शेजारच्या वस्तीवरचं मशीन आणून काढली. पुढच्या बाजाराला भाऊसाहेबाचा टेम्पो परत आला. चारांतल्या तीन गाया गेल्या. एक कल्याणनं हट्टानं ठेवली, आणि त्या गाईची धार तो स्वतः काढायला शिकला. मशीन आलं ते दिवाळीनंतर, तेही झुंबरबाईनं "माझं गुडघं गेलं, आता मी काय परत खाली बसनार न्हाई" असं रोज ओरडून आणायला लावलं. रोहिणीचं नाव त्यात कुणी घेतलं नाही.

घरात गोडवा आला असं काही झालं नाही. कल्याण तिच्याशी कामापुरतं बोलतो. झुंबरबाई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की सुनेनं मुकी जनावरं तडफडत ठेवली. ते खरंच आहे, हे रोहिणीही नाकारत नाही. काही दिवस अजूनही जड जातात. सकाळी उठवत नाही, कशातच जीव लागत नाही. अशा दिवशी ती मुमताजच्या दुकानात जाऊन काजं-बटणं करत बसते. शिलाई मशीनचा आवाज चालू असतो.

ह्या उन्हाळ्यात सायलीची परीक्षा संपल्यावर रोहिणीनं पिशवी भरली आणि मायलेकी मिरजगावला निघाल्या. इतक्या वर्षांत ती माहेरी राहिली नव्हती. जायची ती कार्याला, आणि संध्याकाळच्या धारेला परत यायची.

"किती दिवस?" कल्याणनं विचारलं.

"बघू," ती म्हणाली.

तिला सोडायला कुणी फाट्यावर आलं नाही. नगरला गाडी बदलून सोलापूर रस्त्याला लागल्यावर सायलीनं खिडकी मागितली, तर रोहिणीनं दिली नाही. "मी बसनार हाय खिडकीला," ती म्हणाली, आणि पोरगी हसत पलीकडे सरकली.

मिरजगावात तिची आई दारातच उभी होती. लेकीचं तोंड निरखून पाहत तिनं विचारलं, "च्या टाकू का आधी जेवतीस?"

"आधी जेवते," रोहिणी म्हणाली आणि चप्पल काढून आत गेली.